रंगरंगोटी पुरे, आधी पुढचं चाक हलवून बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांचं पान आलं होतं, फोटो एकदम झकास, पण सगळं कौतुक क्रोमचं आणि रंगाचं, गाडीखाली काय चाललंय त्यावर एक ओळ नाही, म्हणून लिहितोय. ठाण्यात, नवी मुंबईत जुन्या छोट्या गाड्या जिवापाड सांभाळणारे बरेच आहेत, कोणाची स्टँडर्ड हेरल्ड, कोणाची पद्मिनी, आता तर सुरुवातीच्या मारुती 800 पण चाळिशी ओलांडून बसल्यात. पैसा जातो पेंट, सीट आणि म्युझिक सिस्टीमवर. पुढच्या सस्पेन्शनचे जॉइंट मात्र आहेत तसेच, का तर म्हणे ओरिजिनल आहे, हात लावायचा नाही.

हेरल्डचंच घ्या. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1961 पासून बनवायला घेतलेली गाडी, डिझाईन इटलीच्या मिकेलोत्तीचं. बॉनेट मडगार्डासकट अख्खं पुढे पडतं, त्यामुळे सगळं सस्पेन्शन उभ्या उभ्या दिसतं आणि तरी कोणी वाकून बघत नाही. वर बॉल जॉइंट आहे (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा) पण खाली ट्रनियन, म्हणजे आतून आटे पाडलेला पितळी तुकडा, त्यात चाक धरणारी उभी लिंक स्क्रूसारखी बसते आणि स्टिअरिंग वळवलं की आट्यात फिरते. ह्याला लागतं 90 नंबरचं गिअर ऑइल, आणि आपल्याकडे दिसेल तिथे ग्रीसगन मारायची सवय. ग्रीस आट्यात पार खालपर्यंत पोचत नाही, पावसाचं पाणी बरोब्बर पोचतं.

एका गॅरेजमध्ये अशी तुटलेली लिंक हातात घेऊन बघितलीय. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग गंजून तपकिरी झालेला आणि एका कडेला नखाएवढाच भाग चकचकीत, म्हणजे चीर कधीची पडलेली होती, शेवटी तेवढ्या नखावर चाक उभं होतं! पार्किंगमधून काढताना फुल वळवली तेव्हा मोडली म्हणे, म्हणून बरं, हेच गायमुखच्या उतारावर झालं असतं तर चाक आडवं होऊन गाडी कुठे गेली असती सांगता येत नाही.

इंग्लंडमध्ये ह्यावर किट मिळतात, ट्रनियन काढून खाली पण बॉल जॉइंट. चासी कापायची नाही, बोल्टवर बसतं. आमचे ओरिजिनलवाले लगेच नाक मुरडतात, व्हिंटेज नंबर मिळणार नाही म्हणतात. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हीए सिरीजचा, म्हणजे व्हिंटेज नंबरचा, जो नियम 2021 मध्ये आला त्यात चासी, बॉडी शेल आणि इंजिनात बदल नको असं आहे, बॉल जॉइंटचं नाव मला तरी त्यात दिसलं नाही. बरं, ट्रनियनच ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण मग ऑइल वेळेवर घाला आणि पावसाळा संपला की परत एकदा घाला.

दुसरा प्रकार म्हणजे "साहेब, जुना बॉल जॉइंट भरून देतो". वागळे इस्टेटच्या लेथवाल्यांबद्दल मला फार आदर आहे, बुश म्हणा, शिम म्हणा, सांगाल ते मापात काढून देतील, पण बॉलची पिन फोर्ज केलेली आणि हार्ड केलेली असते, तिला वेल्डिंगची उष्णता लागली की ती गेली. नवीनच घ्या. रबर बूट तपासून घ्या, तो फाटला की माती पाणी आत जाऊन चांगल्यातला चांगला जॉइंट पण खलास. आणि जुना काढताना पुलर (ओढून काढायचं हत्यार) वापरायला सांगा, सरळ पिनीच्या टोकावर हातोडा घालतात काही लोक, आटे चेपतात.

जॉइंटचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, बघायची पण एक रीत आहे. हेरल्डमध्ये स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर येतो, म्हणून जॅक आर्मखाली लावून चाक उचलायचं, तरच जॉइंट मोकळा होऊन खेळ दिसतो, चासीखाली जॅक लावला तर स्प्रिंग जॉइंटला दाबून धरते आणि सगळं टाईट वाटतं. मारुतीत स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र उभे, भार वरून जातो, तिथे चाक नुसतं लटकतं ठेवलं तरी चालतं. मग चाक वर खाली धरून हलवायचं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन जॉइंटवर नजर ठेवायची. आडवं धरून हलवल्यावर खेळ लागला तर तो बहुतेक टाय रॉडचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचा असतो, त्यासाठी उगाच बॉल जॉइंट बदलत बसू नका. काम झालं की अलाइनमेंट करायचीच, नाहीतर नवे टायर एका बाजूने साफ होतील.

आता मुद्द्याचं. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी खाजगी गाडीचं पासिंग होतं, तेव्हा लाईट, हॉर्न, नंबरप्लेटसोबत पुढची दोन चाकं जॅकवर उचलून हलवून बघायची सक्ती आरटीओने करावी, पाच मिनिटांचं काम आहे, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या नव्या गाडीवाल्यांनी पण स्वतःहून करून घ्यावं. आणि तुमच्या पुढच्या पुरवणीत पाम बीच रोडवरच्या चकाचक गाड्यांचे फोटो टाकाल तेव्हा एखादा फोटो खालून काढलेला पण येऊ द्या.

आपला,
एक जुना वाचक, नौपाडा, ठाणे