‘कुऱ्हे’ गावाची तीन रूपे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाला भाषा नसते, तो फक्त आकडे जाणतो, असे सर्रास म्हटले जाते. पण कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा, हे माणसेच ठरवतात. १९६३ च्या अमेरिकन ‘आस्की’ संकेतात जेमतेम १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजीपुरत्या आखलेल्या होत्या. मराठीला पुढे कित्येक वर्षे त्याच जागांवर फॉन्टचे तुकडे चिकटवून काम भागवावे लागले. म्हणूनच जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य रोमन अक्षरे दिसतात.

प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र आकडे देणारा ‘युनिकोड’ संकेत आल्यावर प्रश्न मिटला असे नाही. भुसावळ तालुक्यातले कुऱ्हे किंवा पाचोरा तालुक्यातले कुऱ्हाड घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे उमटतो: ‘ऱ’ला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण कित्येक प्रणाल्यांना ही दोन वेगळी गावे वाटतात. हे जोडचिन्ह काही प्रणाल्या मजकूर उचलताना गाळतात, मग रफार चढतो आणि ‘कुर्हे’ हे तिसरे रूप यादीत शिरते. भोगतो तो अर्जदार: गाव जुळत नाही म्हणून अर्ज परत.

उपाय अवघड नाही. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट-जे (ऱ), डी (हलन्त), यू (ह) एवढ्याच कळा दाबायच्या. जुन्या याद्यांसाठी एक्सेलच्या सब्स्टिट्यूट सूत्रात युनिकॅर (आकड्यावरून अक्षर देणारे सूत्र) वापरून २३५२, २३८१, ८२०५ (र, हलन्त, जोडचिन्ह) या क्रमाच्या जागी २३५३, २३८१ (ऱ, हलन्त) द्यावेत. रफाराची रूपे मात्र माणसानेच तपासावीत. सरसकट बदल केला तर ‘अर्हता’ची ‘अऱ्हता’ होईल, आणि हा शब्द तर अनेक सरकारी अर्जांत असतो.

अहिराणीला हे अक्षर पावलोपावली लागते. ‘तो जाई ऱ्हायना’ लिहायला सोपे व्हायला हवे, आणि शब्दतपासणीने त्याखाली लाल रेघ ओढता कामा नये. त्यासाठी शब्दसाठा लागतो, तो बोलणाऱ्यांकडूनच येणार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा प्रशासनांनी आपापल्या गावांची एकच प्रमाण यादी युनिकोडमध्ये जाहीर करावी आणि प्रत्येक अर्जात गाव टंकण्याऐवजी त्या यादीतून निवडण्याची सोय द्यावी.

— एक वाचक, भुसावळ