पद्मा पुलाचा हिशेब किलोमीटरवर मांडू नका

महोदय,

बांगलादेशातील पद्मा पुलावर आपल्या दैनिकात आलेल्या लेखात त्याच्या खर्चाची तुलना आसामच्या भूपेन हजारिका सेतूशी आणि मुंबईच्या अटल सेतूशी केली आहे. दर किलोमीटरला पद्मा पूल फार महाग पडला, म्हणजे ती उधळपट्टीच, असा निष्कर्ष त्यातून काढला आहे. भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून जागतिक बँकेने २०१२ मध्ये या पुलाचे कर्ज रद्द केले, हे खरे आहे आणि त्यावर स्वतंत्र चर्चा व्हावी. पण किलोमीटरचा हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, आणि त्यामुळे त्या देशाची खरी अडचण वाचकांपर्यंत पोहोचत नाही.

हजारिका सेतू दोनपदरी आहे, त्यावर रेल्वे नाही, आणि ५० मीटरच्या १८३ गाळ्यांवर (गाळा म्हणजे दोन खांबांमधला भाग) तो उभा आहे. पद्मा पुलाला १५० मीटरचे ४१ गाळे आहेत. वर चारपदरी रस्ता, खाली रेल्वे. मुंबईच्या खाडीत गाळाखाली कातळ लागतो आणि पाया त्यात रोवता येतो. पद्मेखाली पायाला उपयोगी पडेल असा कातळच नाही. आहे ती फक्त बारीक, अभ्रकमिश्रित वाळू आणि अधूनमधून चिकणमातीचे थर. महापुरात ही वाळू तळातून उचलली जाते. खांबांभोवती तळ ६२ मीटरपर्यंत खोल जाऊ शकतो, असे धरून या पुलाचे आराखडे केले गेले. म्हणजे वरच्या एवढ्या उंचीची जमीन नाहीच असे समजायचे आणि पुलाचा भार त्याखालच्या वाळूच्या घर्षणावर तोलायचा. त्यासाठी तीन मीटर व्यासाच्या पोलादी नळ्या तिरक्या ठोकाव्या लागल्या. त्यांतल्या काहींची लांबी १२० मीटरच्या पुढे आहे. प्रत्येक खांबाखाली अशा सहा नळ्या ठरल्या होत्या. काम चालू असताना २२ खांबांच्या जागी खोलवर चिकणमाती लागली. तिथे प्रत्येकी सातवी नळी वाढवावी लागली आणि आराखडा बदलण्यात वेळ गेला. नदीपात्रातील ४० खांबांखाली अशा एकूण २६२ नळ्या आहेत.

पाण्याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा देतो. २०१९च्या ज्या पुराने सांगली-कोल्हापूरकरांची झोप उडवली, त्यात खालच्या अंगाच्या अलमट्टीतून पाच लाख क्युसेकहून अधिक विसर्ग सोडला होता. पद्मेच्या मोठ्या पुरात सेकंदाला लाखभर घनमीटरपेक्षा अधिक पाणी वाहते, म्हणजे ३५ लाख क्युसेकच्या वर. त्याबरोबर गाळ येतो. पद्मेत एकत्र येणाऱ्या गंगा-ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ खाली आणतात.

या पुलाच्या मूळ बांधकामाचे कंत्राट सुमारे १२,१०० कोटी टकांचे (टका हे बांगलादेशी चलन) होते आणि नदीचे काठ बांधून काढण्याचे सुमारे ८,७०० कोटींचे. तुलनेत ही दुसरी रक्कम कुणीच धरत नाही. पूल एका जागी उभा असतो, नदी मात्र जागा सोडते. तिने काठ खाऊन पुलाला वळसा घातला तर पूल कोरड्यात राहतो. म्हणून वरच्या अंगाला मार्गदर्शक बंधारे घालून प्रवाह गाळ्यांखालूनच जाईल असे करावे लागते. ही युक्ती एकोणिसाव्या शतकात पंजाबच्या नद्यांवरील रेल्वे पुलांसाठी निघाली. याच पद्मेवर पाकशी येथे १९१५ साली खुला झालेला हार्डिंज पूल आजही वापरात आहे, त्यामागे हे बंधारे आणि त्यांची डागडुजी आहे.

बंधाऱ्याच्या पायथ्याशी दगडांचा जाड थर पसरून ठेवतात. तळ खचू लागला की हे दगड आपोआप घसरत खाली जातात आणि उघड्या पडलेल्या उतारावर चिलखत चढते. पण बांगलादेशात दगड जवळजवळ नाहीच. रस्त्यांना आणि काँक्रीटलासुद्धा तिथे सर्रास विटांची खडी वापरतात. काळा दगड झारखंडातल्या पाकुडहून आणावा लागतो. म्हणून दगडाच्या जोडीला वाळूने भरलेल्या जाड कापडी पिशव्या, म्हणजे जिओबॅग, टाकतात. १२५ किलोची पिशवी होडीतून टाकता येते, ८०० किलोची पिशवी टाकायला यंत्र लागते. उन्हाने कापड कुजते, त्यामुळे ही पिशवी कायम पाण्याखाली राहील अशाच जागी वापरायची.

खरा धोका इथे आहे. दगडांचा थर विरळ झाला तरी गढूळ पाण्यातून तो दिसत नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर प्रतिध्वनी यंत्राने तळाची मोजणी करायची, मागच्या वर्षीच्या नकाशाशी ताडून पाहायची आणि काठावर दगड व पिशव्यांचा साठा तयार ठेवायचा, हे काम पूल असेपर्यंत संपत नाही. एका हंगामात ते चुकले तर पुढच्या पुरात शेकडो मीटरचा काठ एका रात्रीत जाऊ शकतो. कर्ज मिळते ते बांधकामाला. या कामाला दरवर्षी स्वतःच्या तिजोरीतून पैसे काढावे लागतात, आणि चणचण आली की आधी त्यालाच कात्री लागते.

जमुनेवरचा (बांगलादेशात ब्रह्मपुत्रेला जमुना म्हणतात) १९९८चा पूलही लेखकाने पाहायला हवा होता. तिथे रेल्वे मागाहून आराखड्यात घेतली आणि पुलाच्या एका कडेला बसवली. परिणामी गाड्या ताशी २० किलोमीटरने रांगत राहिल्या. अखेर शेजारी ४.८ किलोमीटरचा स्वतंत्र रेल्वे पूल बांधावा लागला, त्याचे उद्घाटन मार्च २०२५ मध्ये झाले. जमुनेच्या पूर्वेला मुख्यतः मीटरगेज आणि पश्चिमेला ब्रॉडगेज, हा ब्रिटिशकालीन वारसा वेगळाच. म्हणून तिथे अनेक मार्गांवर तीन रुळांची दुहेरी गेज टाकतात.

मोठ्या पुलांची बातमी तरी होते. छोट्या पुलांनी केलेले नुकसान मात्र कुणी मोजत नाही. या देशात पावसाळ्यात सुमारे ६,००० किलोमीटर जलमार्ग नौवहनायोग्य असतो, उन्हाळ्यात तो ३,८०० किलोमीटरवर येतो. पहिल्या वर्गाच्या जलमार्गावर पूरपातळीच्या वर १८.३ मीटर मोकळी उंची सोडावी, दुसऱ्यावर १२.२, तिसऱ्यावर ७.६२, असा नियम आहे. तरी ढाक्याभोवतीच्या तुराग आणि बालू नद्यांवर बुटके पूल झाले आणि पावसाळ्यात, पाणी भरपूर असतानाच, त्यांखालून नौका जाईनाशा झाल्या. याचे कारण जोडरस्त्याच्या खर्चात आहे. पूल पाच मीटरने उंच केला, तर १:३० चढाने दोन्हीकडचा भराव दीडशे-दीडशे मीटरने लांबतो. बाजूचे उतार १:२ धरले तर त्याचा पाया २० मीटरने रुंदावतो. तेवढी भातजमीन घ्यायची, आणि मऊ मातीवर भराव वर्षानुवर्षे खचत राहणार. म्हणून स्थानिक यंत्रणा उंची कापते. पैसे वाचतात रस्त्याच्या खात्यात, तोटा होतो जलमार्गाच्या खात्यात.

२०२२ मध्ये पद्मा पूल खुला झाल्यावर ढाका-बरिशाल लाँचचे प्रवासी घटले. प्रवाशांचा वेळ वाचला हे चांगलेच झाले. पण भोला हा बेटावरचा अख्खा जिल्हा आणि नदीतल्या चरांवरची, म्हणजे गाळाच्या बेटांवरची वस्ती आजही नौकेवरच अवलंबून आहे. उतारू रोडावले की मालक जुन्या लाँच ताणून वापरतात आणि सणासुदीला त्या खच्चून भरतात. ४ ऑगस्ट २०१४ रोजी पद्मेत मावा घाटाजवळ बुडालेली 'पिनाक-६' क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे घेऊन निघाली होती. प्रवाह आणि गाळ असा, की ती लाँच शोधूनही सापडली नाही.

कोकणात सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल होत आहेत. दाभोळ, जयगड, बाणकोट या खाड्यांत आज फेरीबोटी माणसे आणि गाड्या पार नेतात. आपल्या वार्ताहरांनी या पुलांबद्दल लिहिताना लांबी आणि खर्चाबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात: मोठ्या भरतीच्या पातळीपासून पुलाखाली किती मीटर उंची सोडली आहे आणि तिथल्या सर्वांत उंच मासेमारी बोटीला ती पुरते का, खांबांभोवतीच्या तळाची मोजणी दरवर्षी कोण करणार, आणि फेरीबोटीच्या जेट्टीची देखभाल पूल झाल्यावर कोणत्या खात्याकडे राहणार.

आपला,
नदी-अभियांत्रिकी क्षेत्रातील एक निवृत्त अभियंता, पुणे