मास्क्ड आधार आणि हॉटेलचा काउंटर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लग्नासाठी पुण्याहून इंदूरला आलेल्या माझ्या मावशींनी राजवाड्याजवळच्या एका हॉटेलात ओळखपत्र म्हणून मास्क्ड आधार दिले, तेव्हा पहिले आठ अंक झाकलेले पाहून काउंटरवरील कर्मचाऱ्याने ते खाडाखोड केलेले समजून खोली नाकारली आणि मावशींनी तो अपमान मानला. वस्तुतः शेवटचे चारच अंक दाखवणारी ही प्रत आधार प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावरून मिळते. तिच्यावरील क्यूआर कोड तपासला असता, तर वाद तिथेच मिटला असता. कर्मचारी उद्धट नव्हता, त्याला कुणी हे सांगितलेच नव्हते. (मावशींचा आवाजही काही कमी नव्हता.) शहरातील हॉटेलचालकांनी अशा प्रतीचा नमुना काउंटरवर लावावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर