लिनक्सने विंडोजचं सोंग घेऊ नये

मा. संपादक,
स.न.

सेलूत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेल्या जुन्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून अशा गिऱ्हाइकांना मी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली बसवून देतो. जुन्या विंडोजसारखीच खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. माणूस बिचकत नाही. एवढं साम्य हवंच.

पण हुबेहूब नकलेला माझा ठाम विरोध आहे. तेच आयकॉन दिसले की लोक पेनड्राइव्हवरची ईएक्सई फाइल, म्हणजे विंडोजचा प्रोग्राम, उघडू बघतात. ती थेट चालत नाही, मग मशीनच बिघडलं म्हणतात. लिंडोज नावाच्या लिनक्स प्रणालीने तर नावच तसं घेतलं होतं. मायक्रोसॉफ्टने कोर्टात खेचल्यावर २००४ साली त्याचं लिनस्पायर झालं.

आमच्याकडची खरी अडचण मराठी टायपिंगची. अर्ज लिहिणाऱ्यांचा हात कृतिदेव या जुन्या फॉन्टच्या टायपिंगवर बसलेला, आणि फॉन्ट नसला की जुन्या फाइलीत भलतीच अक्षरं. लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट हा मराठीचा प्रमाण कीबोर्ड असतो, पण सेटिंगमध्ये कुठं दडलेला! संगणक पहिल्यांदा सुरू होतानाच तो विचारला गेला पाहिजे. नांदेड-परभणीच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम प्रकल्प म्हणून घ्यावं. चाचणीला माझ्या दुकानातली मशीन मी देईन.

– एक संगणक दुरुस्तीवाला, सेलू (जि. परभणी)