पी-३०० लहर ‘ओळखले’ एवढेच सांगते

मा. संपादक,
स. न.

एखादा गुन्हा गाजला की ‘ब्रेन मॅपिंगमधून सत्य बाहेर येणार’ अशा बातम्या सुरू होतात. ही चाचणी पी-३०० या मेंदूतल्या विद्युत लहरीवर आधारलेली आहे. १९६५ साली सॅम्युअल सटन आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या या लहरीचा खोटे बोलण्याशी थेट संबंध नाही.

प्रयोगशाळेतली साधी चाचणी अशी असते. कानात १००० हर्ट्‌झचा सूर शंभरात ऐंशी वेळा वाजतो, २००० हर्ट्‌झचा वीस वेळा, क्रम ठरावीक नसतो. उंच सूर तेवढे मनात मोजायचे. असा सूर आल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी माथ्याच्या मागच्या बाजूला विद्युतदाब वर चढतो. चढ जेमतेम १०-१५ मायक्रोव्होल्टचा असतो, तर पापणी लवली की १०० च्या वर जातो. म्हणून किमान तीस-चाळीस उंच सुरांच्या नोंदींची सरासरी काढावी लागते. नोंदी चौपट केल्या तेव्हा कुठे त्यांतला नको असलेला विद्युत गोंगाट निम्मा होतो. केसांना तेल असेल तर डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडचा रोध ५ किलोओहमखाली येत नाही आणि विजेच्या तारांची ५० हर्ट्‌झची लहर नोंदीत शिरते. चढ कपाळाकडे जास्त दिसला तर तो डोळ्यांचा समजावा आणि ती नोंद काढून टाकावी.

१९८१ साली मॅकार्थी आणि डॉन्चिन यांनी केलेला प्रयोग इथे फार मोलाचा आहे. पडद्यावर ‘डावे’ किंवा ‘उजवे’ या अर्थाचा शब्द दिसे आणि त्यानुसार बटण दाबायचे असे. शब्द इतर अक्षरांच्या गर्दीत लपवला की बटणालाही उशीर झाला आणि पी-३०० लाही. पण ‘डावे’ दिसल्यावर उजव्या हाताने दाबा, असे सांगितले तेव्हा हात रेंगाळला, लहर मात्र जवळपास वेळेवर आली. म्हणजे समोर काय आहे हे ठरवायला मेंदूला किती वेळ लागला, ते लहर दाखवते. त्यावर काय करायचे, हा हिशेब मुख्यतः वेगळा चालतो.

संशयिताला इतर चित्रांमध्ये मिसळून हत्याराचे चित्र दाखवल्यावर पी-३०० उमटली, तर ते चित्र त्याच्या मेंदूने वेगळे काढले एवढाच अर्थ निघतो. ते त्याने घटनास्थळी पाहिले, वर्तमानपत्रात की पोलिसांच्या टेबलावर, हे लहरीत लिहिलेले नसते. उलट, इतर चित्रांच्या वेळी गुपचूप पायाचा अंगठा हलवत राहिले तरी फरक पुसट होऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात ही चाचणी सक्तीने करण्यास मनाई केली आहे. संमतीने झालेल्या चाचणीची बातमी देताना वार्ताहरांनी एवढे तरी विचारावे: प्रत्येक चित्र किती वेळा दाखवले, पापण्यांच्या नोंदी काढल्या का, आणि ते चित्र चाचणीआधी कुठे छापून आले होते का?

— मेंदूविज्ञानाचे अभ्यासक, पुणे