कॅरिगाफॉइलचं भगदाड बुजवू नका

मा. वारसा मंत्री, आयर्लंड सरकार, डब्लिन यांस,

स.न.वि.वि.

मी मूळचा सिंधुदुर्ग जिल्ह्यातला, सध्या लिमरिकला राहतो. लहानपण जलदुर्ग बघण्यात गेलं. त्यामुळे केरी परगण्यात, बॅलीलाँगफर्डजवळ शॅनन नदीच्या खाडीत कॅरिगाफॉइलचा किल्ला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो परका वाटलाच नाही. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल आणि खडकावर उभा पाच मजली मनोरा.

१४९०च्या दशकात कॉनर लिआ ओ'कॉनर केरी याने तो बांधला. जागा बघून हेरलेली आहे: लिमरिककडे जाणारी गलबतं इथे अडवायची आणि जकात घ्यायची. चपट्या चुनखडीच्या दगडांचे थर इतके नेटके आहेत की हात फिरवत राहावंसं वाटतं.

मग १५८० उजाडलं. डेस्मंडच्या आयरिश सरदारांनी इंग्रज सत्तेविरुद्ध केलेल्या दुसऱ्या बंडात इंग्लंडच्या राणी पहिल्या एलिझाबेथचा अधिकारी विल्यम पेलम इथे तोफा घेऊन आला. आत पन्नासेक आयरिश शिपाई, बंडवाल्यांच्या मदतीला आलेले सोळा स्पॅनिश आणि त्यांचा प्रमुख, ज्युलियन नावाचा इटालियन स्थापत्यकार. शिवाय बायका-मुलं. ईस्टरच्या सुमारास, जमिनीवरून आणि जहाजांवरून दोन दिवस मारा झाला आणि मनोऱ्याची एक बाजू कोसळली. आतलं कुणीही वाचलं नाही. जे हाती लागले त्यांना फासावर चढवलं, ज्युलियनलाही. ही बातमी पसरली आणि काही दिवसांतच डेस्मंडचा अ‍ॅस्कीटनचा किल्लाही न लढता पडला. एका मोलकरणीने खिडकीत दिवा ठेवून कच्ची भिंत दाखवून दिली, अशी एक कथा सांगतात. मला ती पटत नाही. इतक्या तोफांना दिव्याची गरज नव्हती, आणि फितुरीचं खापर कुठल्याशा गरीब बाईच्या डोक्यावर फोडणं फार सोपं असतं.

ते भगदाड आजही तसंच आहे. साडेचारशे वर्षांत कुणी बुजवलं नाही. माझी कळकळीची विनंती एवढीच, की पुढेही बुजवू नये. आमच्याकडे चुन्यातल्या जुन्या बांधकामावर सिमेंट थापलेलं मी पाहिलंय. सिमेंट पाणी आत कोंडतं, मग दगडच फुटतो. इथे भगदाडाच्या कडा चुन्यानेच सांभाळाव्यात, निखळलेला दगड त्याच जागी बसवावा, आणि नवी भिंत मात्र उभारू नये. तोफगोळा कुठून आला, भिंत कशी फाटली, हे त्या कडाच सांगतात.

हा किल्ला राष्ट्रीय स्मारक म्हणून सरकारच्याच ताब्यात आहे. तेव्हा आणखी एक मागणी: भगदाडाची त्रिमितीय मोजणी करून ती शाळांना मोफत द्यावी. आणि तिच्यासोबत जी माहिती जाईल, तिच्यात पेलमच्या नावाआधी आत मेलेल्यांचा उल्लेख यावा, सोळा स्पॅनिशांसकट.

कळावे,
आपला नम्र,
लिमरिकमधला एक मराठी रहिवासी