गुरुवारची गाण्याची बैठक चालू राहावी म्हणून : रहिवाशांना व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

लालबाग-परळ परिसरातील आमच्या पुनर्विकसित वसाहतीच्या सभागृहात दर गुरुवारी सायंकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळेत रहिवासी गोलाकार बसून एकत्र गातात. ही बैठक पुढेही चालू राहावी, तिची जुनी वाद्ये दुरुस्त व्हावीत आणि वसाहतीतील मुलांना पखवाज व पेटी शिकता यावी, यासाठी रहिवासी मंडळाच्या वतीने हे आवाहन करीत आहोत.

आमची मूळ चाळ गिरणी कामगारांची. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि गावाकडचा संसार मनिऑर्डरीवर चालवीत. गावागावांच्या मंडळांनी मिळून घेतलेल्या त्या खोल्यांत जमिनीवर वळकट्या, खुंटीला पखवाज आणि फळीवर पेटी एवढेच सामान असे. दुसरी पाळी सुटून जेवणे आटोपली की भजन सुरू होई. ज्याचा गळा बरा तो बुवा, उरलेले सगळे टाळकरी. याच गिरणगावात शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्या लालबावटा कलापथकाने कामगारांच्या सभा गात्या केल्या. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप लांबत गेला तशी घराघरांतील भांडी आणि दागिने मोडीत निघाले, पण मंडळाची पेटी विकायची नाही असे त्या वेळी ठरले होते, ही आठवण आमचे ज्येष्ठ आजही सांगतात. तीच पेटी आज गुरुवारच्या बैठकीत आहे. तिच्या भात्यातून हवा गळते, मधल्या सप्तकातील दोन सूर उमटत नाहीत आणि वाजवणाऱ्याला ते चुकवून बोटे फिरवावी लागतात.

चाळ पाडली गेली तेव्हा आम्ही सगळे पांगलो. कोणी संक्रमण शिबिरात गेले, कोणी भाडे घेऊन डोंबिवली, विरार, बदलापूरला राहिले. इमारत उभी राहून चाव्या मिळेपर्यंत कित्येक वर्षे गेली आणि त्या काळात काही माणसे कायमची गेली. नव्या घरात स्वतंत्र संडास आहे, चोवीस तास पाणी आहे, मुलांना अभ्यासाला वेगळी खोली आहे, आणि यातील एकही सुख आम्ही कमी लेखत नाही. ज्यांनी सार्वजनिक नळावर पहाटे चार वाजता रांगा लावल्या, त्यांना त्याचे मोल सांगावे लागत नाही. मात्र चाळीची गॅलरी गेली. त्या गॅलरीत दार उघडे ठेवून तांदूळ निवडता येत, शेजारच्या आजारी माणसाचा खोकला ऐकू येई आणि पोरांना कोणीही जेवायला बसवी. नव्या इमारतीत एका मजल्यावरच्या माणसांची ओळख लिफ्टमध्ये नजर चुकवण्यापुरती उरली. एकोणिसाव्या मजल्यावर राहायला आलेल्या आमच्या एका आजींनी पहिल्या सहा महिन्यांत घरच्यांखेरीज फक्त दूधवाल्याशी बोलल्याचे सांगितले, तेव्हा मंडळाच्या सभेत बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

गुरुवारची बैठक त्या सभेनंतर सुरू झाली. पहिल्या दिवशी सात माणसे होती, सगळी जुन्या चाळीतली आणि सगळी पुरुष. आज साधारण चाळीस जण बसतात व त्यांत निम्म्याहून अधिक बायका आहेत. पुनर्विकासात खुल्या विक्रीसाठी बांधलेल्या इमारतीत नव्याने राहायला आलेली गुजराती आणि उत्तर भारतीय कुटुंबेही येतात. बैठकीचा आरंभ भजनाच्या रीतीने नमन आणि रूपाच्या, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन करणाऱ्या, अभंगाने होतो, कारण ही रीत आम्हाला वडीलधाऱ्यांकडून मिळालेली आहे. पुढे मात्र गाणे वर्तुळात फिरते आणि ज्याच्यापाशी पाळी येईल त्याने आपल्या घरातले गाणे म्हणायचे असते. त्यामुळे गौळणीनंतर भीमगीत येते, भीमगीतानंतर कोळीगीत, एखाद्या वेळी जात्यावरची ओवी किंवा भोजपुरी कजरी. आणि गाणे कोणाचेही असो, झील, म्हणजे मुख्य गाणाऱ्यामागून ओळ उचलण्याची साथ, सगळ्यांनी धरायची असते. ज्याला गाता येत नाही त्याने टाळ धरावा. डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, रसिक ऐकण्यासाठी जातात आणि ती मजा वेगळीच आहे. आमच्या बैठकीत मात्र केवळ श्रोता म्हणून कोणी बसत नाही, हा एकच नियम आम्ही कसोशीने पाळतो.

एक गोष्ट येथे सविस्तर सांगावीशी वाटते. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या कातड्याला, वाजवण्यापूर्वी ओल्या कणकेचा थर लावावा लागतो, तेव्हाच तिचा खर्ज भरून येतो, आणि बैठक संपली की तो थर खरवडून काढावा लागतो. सुरुवातीला आमचे पखवाजी कणीक स्वतःच्या घरून आणीत. एका गुरुवारी ते विसरले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका ताईंनी पोळ्यांच्या परातीतला गोळा पाठवला. तेव्हापासून कणकेची पाळी ठरली आहे : दर गुरुवारी वेगळ्या घरून गोळा येतो आणि त्या घरातील कोणीतरी तो घेऊन खाली उतरतेच. जी कुटुंबे कधी गायला आली नसती, ती अशा रीतीने वाटीभर कणीक हातात घेऊन आली आणि बसली. गोळा सैल झाला की घट्ट, यावर पखवाजी आणि गृहिणी यांच्यात जी चर्चा होते, ती ऐकायला मुले पुढे सरकून बसतात. आजींची पाळी गेल्या आषाढात होती. त्या दिवशी त्या साडेसहालाच सभागृहाच्या दारात उभ्या होत्या.

एकत्र गाण्याने माणसे जवळ येतात, हे वारकऱ्याला कोणी सिद्ध करून दाखवण्याची आवश्यकता नाही. तरीही ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाची नोंद आम्हाला महत्त्वाची वाटते. त्यांनी प्रौढांच्या गायनवर्गांची तुलना हस्तकलेच्या आणि ललित लेखनाच्या वर्गांशी सात महिने केली. अखेरीस तिन्ही प्रकारच्या वर्गांत जवळीक जवळपास सारखीच निर्माण झाली, परंतु गाणाऱ्यांमध्ये ती सर्वांत आधी आली. आमच्या दृष्टीने हे लवकर जुळणेच मोलाचे आहे. चाळीत ओळख व्हायला दोन पिढ्या मिळाल्या होत्या. येथे आमच्यातील अनेकांचे वय सत्तरीपुढे गेले आहे.

आता गरजांविषयी. गाण्यासाठी पैसे कशाला लागतात, असे काही जण मोकळेपणाने विचारतात आणि त्यांचा प्रश्न योग्य आहे. पेटीचा भाता आणि सूर दुरुस्त करण्यास 14,000 रुपये, दोन पखवाजांच्या पुड्या बदलण्यास 9,000 रुपये आणि टाळांच्या वीस जोड्यांसाठी 16,000 रुपये लागतील. सभागृह नुसत्या फरशीचे आणि उघड्या भिंतींचे आहे. आवाज घुमतो, आम्हाला एकमेकांचा सूर नीट ऐकू येत नाही आणि पहिल्या मजल्यावरील रहिवाशांना त्रास होतो. आम्ही ध्वनिवर्धक वापरत नाही आणि रात्री दहाची वाट न पाहता साडेनऊलाच भैरवी घेतो, विरारहून येणाऱ्यांना गाडी मिळावी हाही त्यात हेतू असतो. तरीही ज्यांच्या घरी लहान बाळ किंवा आजारी माणूस आहे त्यांची तक्रार रास्त आहे आणि ती दूर करणे आमचे कर्तव्य आहे. जाड पडदे, जाजमे आणि गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी काही खुर्च्या यांचा खर्च 35,000 रुपये येईल. शिक्षकांचे मानधन दरमहा 4,000 रुपयांप्रमाणे वर्षाचे 48,000 रुपये होते. सध्याचे पखवाजी 74 वर्षांचे आहेत आणि त्यांचा हात उचलणारा दुसरा कोणी आमच्याकडे नाही, म्हणून या खर्चाला आम्ही सर्वांत निकडीचा मानतो. एकूण 1,22,000 रुपयांपैकी 41,000 रुपये रहिवाशांनी वर्गणीतून जमवले आहेत. उरलेल्या 81,000 रुपयांसाठी आपल्याकडे हात पसरत आहोत.

देणगी सभागृहालगतच्या मंडळाच्या कार्यालयात गुरुवारी सायंकाळी सहा ते साडेसात या वेळेत स्वीकारली जाईल आणि प्रत्येक रकमेची पावती तत्काळ दिली जाईल. जमाखर्च दर तीन महिन्यांनी तळमजल्यावरील सूचनाफलकावर लावला जाईल. देणगीदारांच्या नावाचे फलक आम्ही लावणार नाही, त्याचप्रमाणे कोणत्याही पक्षाचा अथवा उमेदवाराचा फलक सभागृहात लागणार नाही. बैठकीत सर्व विचारांची माणसे मांडीला मांडी लावून बसतात आणि ती तशीच बसावीत, अशी आमची इच्छा आहे. घरात वापरात नसलेली पेटी, तबला, टाळ किंवा झांज असेल तर तीही द्यावी, मोडकी असली तरी चालेल. पुरुषांना सोयीची पट्टी बायकांना फार खाली जाते, त्यामुळे सध्या निम्मी बैठक एका पट्टीत आणि निम्मी दुसऱ्या पट्टीत होते. कोणाकडे पट्टी बदलता येणारी पेटी असेल आणि ती काही काळ वापरायला मिळाली, तर मोठी सोय होईल.

चाळीतील जे जुने रहिवासी आपली सदनिका भाड्याने देऊन दूर राहत आहेत, त्यांना वेगळी विनंती आहे. पैसे पाठवता आले तर जरूर पाठवा, पण एखाद्या गुरुवारी स्वतः या. तुमच्या वडिलांच्या चाली आम्हाला अर्ध्याच आठवतात, आणि पुढच्या महिन्यातील दोन गुरुवारची कणकेची पाळी अजून कोणी घेतलेली नाही.

आपले नम्र,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य,
रहिवासी मंडळ